चाळीस नंबर म्हणजे नेमके किती?

गेल्या रमजानमधली गोष्ट. विसावा रोजा उलटला होता. ईदची खरेदी आणखी लांबवली तर गर्दीत पाय ठेवायला जागा मिळणार नाही, म्हणून जोहरची नमाज आटोपून आम्ही घरातले सगळे सांगलीच्या कापड पेठेत गेलो. वर ऊन, घशाला कोरड आणि हातात यादी. थोरल्या लेकीला कुर्ती, तिच्या अब्बांना कुर्ता, धाकट्याला शर्ट-पँट, दादींना बुरखा आणि सगळ्यांत शेवटी बांगड्या. तासाभरात उरकेल असा आमचा हिशेब होता.

लेक सतरा वर्षांची, अकरावीत शिकते. पहिल्या दुकानात तिने नेहमीप्रमाणे एम साईज मागितली. ती कुर्ती इतकी ढगळ की खांद्याची शिवण दंडावर उतरली. दुसऱ्या दुकानात खबरदारी म्हणून एल घेतली, तर ती मुंढ्यात अडकली, हात वर होईना. तिसऱ्या दुकानातल्या पोऱ्याने तिच्याकडे एक नजर टाकली आणि चारचौघांत मोठ्याने म्हणाला, ‘ताई, तुम्हाला एक्सएलच लागणार.’ एक्सएल घालून पाहिली. अगदी अंगासाठी शिवल्यासारखी बसली. रंगही तिच्या आवडीचा, मोरपंखी. आम्ही खूश झालो, पैसे दिले, पिशवी घेतली. मुलीचा चेहरा मात्र उतरला होता. ऊन आणि रोजा यांमुळे असेल, असे समजून आम्ही तिकडे लक्ष दिले नाही.

इफ्तारला तिने एक खजूर घेतला, पाणी प्यायली आणि कलिंगडाच्या दोन फोडी खाल्ल्या. दादींनी तिच्यासाठी म्हणून केलेल्या खिमा समोशाला हात लावला नाही. रात्री जेवली नाही. सहरीला नुसता चहा. दादी म्हणाल्या, ‘बेटी, सहरी सोडू नये. दोन घास तरी खा.’ ती ‘भूक नाही’ म्हणून उठली. असे तीन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी असरच्या सुमाराला वजू करताना तिला घेरी आली. नळाला धरून ती कशीबशी खाली बसली. तेव्हा कुठे रडत रडत बोलली, ‘अम्मी, गेल्या ईदला मला एम होत होता. मामूंच्या लग्नात एल लागला. आता एक्सएल. वर्षभरात मी किती जाड झालेय!’

आम्ही काही न बोलता तिचे कपाट उघडले. गेल्या ईदची एमची कुर्ती, लग्नातली एलची आणि परवा आणलेली एक्सएलची, अशा तिन्ही कुर्त्या पलंगावर पसरल्या. तिन्ही तिला आजही नीट बसतात, हे तिलाही ठाऊक होते. शिवणाच्या डब्यातली टेप काढून तिच्याच हातात दिली. एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत मोजायचे आणि दुप्पट करायचे. पहिली भरली 38 इंच. दुसरी साडेअडतीस. तिसरी पुन्हा 38.

तिने पुन्हा एकदा मोजले. मग म्हणाली, ‘म्हणजे मी तेवढीच आहे?’

‘तू तेवढीच आहेस. कॉलरची चिठ्ठी तेवढी बदलली.’

त्या संध्याकाळी समोसे संपले. पण आमच्या मनातून ती गोष्ट गेली नाही. बोटाएवढ्या चिठ्ठीवरच्या दोन अक्षरांनी घरातल्या लेकीचे तीन दिवसांचे अन्न तोडले होते. ही अक्षरे आणि हे आकडे येतात तरी कुठून, म्हणून आम्ही एकेक कपडा काढून पाहायला लागलो. जे कळले ते आमच्यासारख्याच इतर घरांच्या उपयोगी पडेल, म्हणून या वेळी हाच विषय.

सुरुवात मुलीच्या अब्बांच्या कपाटापासून केली. त्यांच्या ऑफिसच्या शर्टवर 40 लिहिलेले आहे आणि ईदच्या कुर्त्यावरही 40 लिहिलेले आहे. दोन्हींचा 40 एकच असेल अशी आमची आजवरची समजूत. तसे नाही. आपल्याकडच्या फॉर्मल शर्टावर 39, 40, 42 असे जे आकडे असतात, ते बहुधा गळ्याचे, म्हणजे कॉलरच्या घेराचे माप असते आणि तेही सेंटिमीटरमध्ये. कुर्त्यावरचा 40 मात्र छातीचा असतो आणि तो इंचात. त्यातही एक कंपनी माणसाच्या अंगाची छाती लिहिते, तर दुसरी तयार कपड्याची. बनियन काढून पाहिला, तर त्याच्यावर 95. तो पुन्हा छातीचाच आकडा, पण सेंटिमीटरमध्ये. पँटवर 34 होते. टेप लावली तर कंबर 35 भरली. एकाच माणसाच्या अंगावर एका वेळी चार आकडे, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

बुरख्याची तऱ्हा वेगळी. 52, 54, 56, 58 हे नंबर उंचीचे असतात, म्हणजे खांद्यापासून खालच्या काठापर्यंतची लांबी, इंचांमध्ये. छाती किती, घेर किती, बाहीची लांबी किती, याबद्दल तो नंबर एक अक्षरही सांगत नाही. आमच्या दादी उंचीने ठेंगण्या आणि अंगाने भरलेल्या आहेत. त्यांना 52 दिला तर छातीत आवळतो आणि 56 दिला तर पायात येतो. दुकानदार म्हणतो, ‘मोठा घ्या, खालून दुमडून घ्या.’ आखातातून येणारे नातेवाईकही फोनवर फक्त नंबर विचारतात आणि प्रेमाने आणलेला अबाया वर्षानुवर्षे घडी न मोडता पडून राहतो. विचारायला हवा दोन मापांचा प्रश्न, आणि आपण उत्तर देतो एकाच मापाचे.

मुलांच्या कपड्यांत तर वयच नंबर होऊन बसले आहे. ‘5-6 वर्षे’ असे चिठ्ठीवर असते. पण सहा वर्षांची दोन मुले शेजारी उभी करून पाहा. एक दुसऱ्याच्या कानापर्यंत येते. फ्रॉकवरचे 20, 22, 24 हे आकडे बहुधा लांबीचे, इंचातले असतात. मुलांच्या सुटांवरचे नंबर मात्र कारखान्याकारखान्यागणिक बदलतात.

आता याच्या उलट एक अनुभव सांगतो. त्या दिवशी सगळ्यांत शेवटी आम्ही मणियारभाईंच्या दुकानी बांगड्या घ्यायला गेलो. लेकीने नुसते ‘दोन-चार’ म्हटले. त्यांनी डझनभर बांगड्या काढून दिल्या आणि त्या हातात बरोबर बसल्या. घालून बघण्याचा प्रश्नच आला नाही. मागे एकदा एका नातेवाईक बाईंनी हैदराबादच्या लाड बाजारातून लाखेच्या बांगड्या आणल्या होत्या. त्यांनाही फोनवर ‘दोन-चार’ एवढेच सांगितले होते, आणि त्याही तितक्याच बरोबर बसल्या. कारण काय? बांगडीचा नंबर हे खरे माप आहे. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे चार सोळांश, म्हणजे आतून सव्वादोन इंच. दोन-आठ म्हणजे अडीच इंच. मिरजेचा इंच आणि हैदराबादचा इंच वेगळा नसतो. एम, एल, एक्सएल ही मापे नाहीत, ती नावे आहेत. नाव कोणीही कशालाही द्यावे.

हा सगळा फरक आम्ही आमच्या जुन्या टेलरचाचांच्या कानावर घातला. मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांची मापे त्यांच्या जाड वहीत आहेत. छाती, कंबर, सीट, शोल्डर, मुंढा, बाही, उंची अशी एका माणसाची सात-आठ मापे ते घेतात. ते हसले आणि म्हणाले, ‘मी एका माणसाला आठ आकडे लावतो. कंपनी लाखो माणसांना मिळून एक अक्षर लावते. बसणार कसे?’

मग त्यांनी कारणे एकेक करून समजावून सांगितली. पहिले कारण लूजिंगचे. 36 छातीच्या बाईला 36 इंचांची कुर्ती घालता येत नाही, श्वास घ्यायला आणि हात हलवायला जागा लागते. ती जागा किती सोडायची हे प्रत्येक कारखाना आपल्या मनाने ठरवतो. कोणी दोन इंच सोडतो, कोणी चार. दुसरे, प्रत्येक कंपनी आधी एका ठराविक बांध्याच्या व्यक्तीवर कपडा बसवते आणि त्यावरून लहान-मोठे नंबर काढते. ज्या बांध्यावर मूळ कपडा बसवला, तसा बांधा आपला नसेल तर एकही नंबर नीट बसत नाही. तिसरे कारण कटिंगचे. कापडाचे अनेक थर एकावर एक रचून मशिनने एकदम कापतात. त्यात वरच्या आणि खालच्या थरात थोडा फरक पडू शकतो. शिवताना पाव-अर्धा इंच इकडे-तिकडे झालेला कंपनीही चालवून घेते. चौथे, सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. कोणी कापड आधी आटवून घेतात, कोणी घेत नाहीत.

पाचवे कारण मात्र शिवणाचे नाही, मनाचे आहे. गिऱ्हाईक लहान नंबरात मावले की खूश होते, हे विकणाऱ्यांना पुरते ठाऊक आहे. म्हणून काही कंपन्या कपडा मोठा करतात आणि नंबर तोच ठेवतात. काही उलट करतात. तरुण मुलींसाठी म्हणून काढलेल्या कपड्यांत एम इतका अरुंद ठेवतात की चांगल्या धडधाकट मुलीलाही एक्सएल मागावा लागतो. दोन्हीकडे मुलगी स्वतःला त्या अक्षरावरून मोजते.

हा गोंधळ फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत 1939-40 मध्ये तिथल्या कृषी खात्याच्या गृहविज्ञान विभागाने सुमारे 15,000 बायकांची मापे घेतली होती. प्रत्येकीची 59 ठिकाणी मोजणी झाली आणि 1941 मध्ये त्याचा अहवाल निघाला. त्या आधारावर 1958 मध्ये बायकांच्या तयार कपड्यांची प्रमाण मापे सरकारने ठरवून दिली. परंतु मोजणीतच खोट होती. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापे हिशेबात धरलीच नव्हती. जी माणसे मोजलीच नाहीत, त्यांना ते कपडे बसावेत कसे? शिवाय कंपन्यांनाही आपापले नंबर हवे होते. शेवटी 1983 मध्ये ते प्रमाण सरकारने मागे घेतले आणि तेव्हापासून तिथे ज्याचे माप त्याच्यापाशी.

आपल्या देशातले तयार कपडे पुष्कळ काळ इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांत थोडाफार फेरफार करूनच शिवले गेले. आपले खांदे, आपली उंची, आपली कंबर कोणी मोजली नव्हती. त्यासाठी ‘निफ्ट’ या सरकारी फॅशन संस्थेने केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या मदतीने ‘इंडियासाइज’ नावाची पाहणी हाती घेतली. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग या सहा शहरांत 15 ते 65 वर्षे वयाच्या 25,000 स्त्री-पुरुषांची मापे कॅमेऱ्याच्या यंत्राने घेण्याची ती योजना. या मापांवरून देशाचा स्वतःचा तक्ता बनेल, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र तक्ता बनला तरी तो वापरणारे कारखानदार हवेत. तोवर आपली टेप आपल्या हाती.

या ठिकाणी मापाबद्दल दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्या दीनमध्ये माप ही किरकोळ बाब मानलेली नाही. कुरआनातल्या 83 व्या सूरहचे नावच माप मारणाऱ्यांवरून आहे. हजरत शुऐब (अ.स.) यांनी मदयनच्या लोकांना जो उपदेश केला, त्यात अल्लाहच्या बंदगीबरोबर माप आणि तोल पुरा देण्याची ताकीद होती. आपण हे ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर तराजू आणि धान्य येते. कपड्यावरचा आकडासुद्धा मापच आहे, हे ध्यानात येत नाही.

म्हणून दुकानदाराला सरसकट फसवा ठरवावे, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. त्याच्याकडे माल तसाच येतो. वाचकांपैकी कित्येकांच्या घरची कपड्यांची दुकाने आहेत, कित्येक भगिनी घरी मशिनवर शिलाईचे काम करतात. त्यांना आमची एकच विनंती आहे. माल दुकानात लावताना एकदा टेप लावा आणि चिठ्ठीच्या मागे पेनने छाती व उंचीचे इंच लिहून ठेवा. पाच मिनिटांचे काम आहे. गिऱ्हाईकाचे दहा कपडे उलथेपालथे करणे वाचेल आणि परत येणारा मालही कमी होईल. आणि एखादी बाई कपडा न बसल्यामुळे बदलून मागायला आली, तर तिला पाटीकडे बोट दाखवून परतवू नका. पस्तावलेल्या गिऱ्हाईकाचा सौदा खुशीने परत घेण्याला ‘इकाला’ म्हणतात आणि ते मोठ्या सवाबचे काम मानले आहे.

आता जी गोष्ट सांगायची ती आमच्याच चुकीची आहे. तीन वर्षांपूर्वी मोहल्ल्यातल्या काही घरांनी मिळून गरजू मुलांना ईदचे कपडे द्यायचे ठरवले. यादी करण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही प्रत्येक घरी जाऊन मुलाचे नाव आणि वय लिहून घेतले. वयाप्रमाणे तीस जोड घाऊक दुकानातून एकदम उचलले आणि चांदरातीला वाटले. कोणी तक्रार केली नाही. ‘अल्लाह तुम्हाला बरकत देवो’ म्हणत सगळ्यांनी घेतले. आम्हीही समाधानाने घरी आलो.

ईदच्या सकाळी नमाजहून येताना एक नऊ वर्षांचा मुलगा दिसला. अंगात शाळेचा पांढरा शर्ट, धुऊन कडक इस्त्री केलेला. आम्ही विचारले, ‘नवा कुर्ता नाही घातलास?’ तो नुसता हसला. त्याची आई हळूच म्हणाली, ‘खांद्यात होत नव्हता. राहू द्या, धाकट्याला होईल दोन वर्षांनी.’ नऊ-दहा वर्षांचा म्हणून दिलेला तो जोड त्याला सात वर्षांच्या मुलाचा वाटावा एवढा आखूड होता. आम्ही म्हणालो, ‘मग रात्रीच का नाही सांगितलेत? बदलून आणला असता.’ ती म्हणाली, ‘तुम्ही प्रेमाने दिलेला. त्याला कसे सांगायचे?’

आपण पैसे देऊन घेतो तेव्हा निदान भांडू तरी शकतो. ज्याला भेट म्हणून मिळते, त्याला ‘बसत नाही’ म्हणण्याचाही संकोच वाटतो. त्या दिवशी आमच्या यादीतल्या आणखी किती मुलांनी जुनेच कपडे घातले असतील, हे आम्ही मोजले नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हेच खरे.

म्हणून या वर्षी खरेदीला निघण्यापूर्वी काय करायचे, ते अनुभवावरून सांगतो.

घरातल्या प्रत्येकाचा जो कपडा अंगावर सगळ्यांत चांगला बसतो, तो काढा. सपाट जागी पसरून बगलेपासून बगलेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ती झाली छाती. खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत, बाहीची लांबी आणि गळ्याजवळच्या खांद्यापासून खालपर्यंतची उंची, एवढी चार मापे पुरेत. पायजमा-पँटसाठी कंबर आणि पायाची लांबी. वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. टेप पर्समध्ये टाका. दुकानात एम, एल विचारू नका. ‘छाती 38, उंची 44 दाखवा’ असे म्हणा. ज्या दुकानात ट्रायल रूम नाही, किंवा असूनही तिथे कपडे बदलायला मन धजत नाही, तिथे हीच टेप आपली ट्रायल रूम.

घालून पाहायची सोय असेल, तर नुसते आरशासमोर ताठ उभे राहू नका. दोन्ही हात कानापर्यंत उचलून पाहा, रुकूसारखे वाका, खाली बसून पाहा. पाठीत ताणतो का, बाही कोपरापर्यंत सरकते का, बसताना कमरेत ओढतो का, हे लगेच कळते. पाच वेळच्या नमाजसाठी जो कपडा आवळेल, तो कितीही देखणा असला तरी कपाटातच राहणार. सुती असेल तर आटण्यासाठी छातीत इंचभर आणि उंचीत इंच-दीड इंच जास्त घ्या.

बुरखा घेताना लांबीच्या नंबराबरोबर छाती आणि बाही वेगळी विचारा. लांबी मोजताना घरात ज्या चपला घालून बाहेर पडता त्या पायात असू द्या. मुलांसाठी वय सांगू नका, उंची सांगा.

ऑनलाइन मागवताना मापांचा तक्ता उघडून एक गोष्ट आधी पाहा. तो तक्ता अंगाच्या मापांचा आहे की तयार कपड्याच्या मापांचा? अंगाचा असेल तर आपले अंग मोजून नंबर निवडायचा. कपड्याचा असेल तर आपल्या चांगल्या बसणाऱ्या कपड्याशी ताडून पाहायचा. निम्म्या चुका इथेच होतात.

आणि चिठ्ठी नीट वाचा. वेष्टित मालाच्या 2011 च्या नियमांत 2022 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार दुकानात सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवरसुद्धा एस, एम, एल या खुणेबरोबर सेंटिमीटर किंवा मीटरमधले माप लिहिलेले असायला हवे. ते आपण पाहत नाही, कारण आपली नजर मोठ्या अक्षरावरच थांबते. सेंटिमीटरला अडीचने भागले की ढोबळ इंच निघतात. माप लिहिलेलेच नसेल तर दुकानदाराला नम्रपणे विचारा. विचारणारे वाढले की लिहिणारेही वाढतील.

बिल मात्र जपून ठेवा. पैसे देण्यापूर्वीच ‘बसला नाही तर किती दिवसांत बदलून द्याल?’ असे विचारून बिलावर लिहून घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. नुसता कपडा बसला नाही म्हणजे तो सदोष, असे होत नाही. पण लिहिलेले माप एक आणि निघाले भलतेच, तर आपली बाजू मजबूत असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. आधी दुकानदाराशी गोडीने बोला. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते.

शेवटचे सांगणे आयांना आणि दादी-नानींना. मुलींसमोर ‘बाई, तुला आता एक्सएल लागायला लागला!’ असे थट्टेतही म्हणू नका. वाढत्या वयात अंग भरते. ती अल्लाहने ठेवलेली रीत आहे. कपडा अंगासाठी असतो. अंगाने कपड्यासाठी उपाशी राहायचे नसते. नंबर डोळ्यांत खुपत असेल तर कात्री घ्या आणि चिठ्ठी कापून टाका. आमच्या घरी आता नवा कपडा आला की पहिले काम तेच.

लेक आता दुकानात गेली की सरळ ‘अडतीस’ म्हणते. परवा काउंटरवरचा मुलगा गोंधळून म्हणाला, ‘ताई, अडतीस म्हणजे एल का एक्सएल?’ तिने पर्समधून टेप काढून त्याच्या हातात दिली.

आणि मोहल्ल्यातल्या मुलांच्या कपड्यांची यादी याही वर्षी आमच्याकडेच आहे. कागद तोच, मुलेही बरीचशी तीच. वयाचा रकाना आम्ही खोडला आहे. त्या जागी उंची आणि छाती असे दोन रकाने केले आहेत. शाबानच्या महिन्यातच लेक टेप घेऊन घरोघर जाते आहे. तो मुलगा आता बारा वर्षांचा झाला आहे. त्याची उंची 56 इंच भरली आणि छाती 27. दोन्ही आकडे तिने अधोरेखित करून ठेवले आहेत.